‘महागडा कूलर गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून नेलेलं कॉम्प्युटरचं मशीन तापतंय, तुमचं काम अडलं आणि रविवारी तीनदा फोन करूनही आमच्याकडून कुणी उचलला नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो. रविवारी दुकान बंद असतं हे खरं, पण आठवड्यापूर्वीच मशीन नेलेल्या गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला हवा होता. ती चूक आमचीच.

आता बाकीचं. एक स्टार देऊन तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. रेंडर (सीनवरून अंतिम चित्र काढायचं काम) लावला की अर्ध्या तासात प्रोसेसर ९५ डिग्रीला जातो. साडेसहा तासांच्या कामाला साडेसात तास लागतात. मशीन चार दिवस उशिरा मिळालं. आणि शेवटी कूलरबद्दल, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागाबद्दल, ‘दुकानदाराने महागडा कूलर गळ्यात मारला, नऊ हजार जास्तीचे घेतले.’ पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी अर्धी खरी आहे. चौथी वाचली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

टिळक रोडच्या या गाळ्यात मी २००९ पासून बसतो. एवढ्या वर्षांत कुणाला वस्तू महाग वाटली असेल, कुणाला माझं बोलणं रुक्ष वाटलं असेल, पण ‘गळ्यात मारला’ असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

पहिलं कोटेशन मी तुम्हाला ११ मार्चला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्यात कूलरच्या ओळीत ३६० एमएमचाच लिक्विड कूलर (पाणी फिरवून थंड करणारा) होता, पण थ्रेडरिपरसाठीच, म्हणजे तुमच्याकडच्या एएमडी कंपनीच्या मोठ्या प्रोसेसरसाठीच, बनवलेला: चिपवर टेकणारी मोठी आयताकृती तांब्याची प्लेट, दिवे नाहीत, स्क्रीन नाही, दिसायला अगदी साधा. तो तुम्ही घेतलेल्या कूलरपेक्षा नऊ हजारांनी स्वस्त होता. १४ तारखेला तुम्ही दुकानात आलात, काउंटरशेजारच्या डेमो मशीनवर दुसऱ्या एका कूलरच्या पंपाच्या टोपीवरची गोल स्क्रीन पाहिलीत आणि म्हणालात, यावर आमच्या ऑफिसचा लोगो फिरेल का? फिरतो म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, क्लायंट येतात, काचेतून दिसलं पाहिजे, हाच लावा. मी म्हटलं, सर, हा मुळात लहान चिपचा कूलर आहे, ब्रॅकेट लावून बसेल, पण तुमच्या प्रोसेसरला पूर्ण झाकणार नाही. त्यावर तुमचं उत्तर होतं, ‘३६० आहे ना, मग पुरेल.’ हेच मी त्या रात्री मेसेज करूनही लिहिलं होतं आणि तुम्ही त्यावर अंगठा दाखवलात. तो स्क्रीनशॉट इथे टाकता आला असता. गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं असं चव्हाट्यावर मांडणं मला पटत नाही, म्हणून टाकलेला नाही.

‘३६० आहे ना’ हे निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही सांगतो. ३६० हा आकडा रेडिएटरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीचा: १२० मिलिमीटरचे तीन पंखे ओळीत बसतील एवढी त्याची लांबी. पण उष्णता आधी चिपवरून तांब्याच्या प्लेटमध्ये उतरेल, मग पाण्यात जाईल, तेव्हा कुठे रेडिएटरचं काम सुरू होतं. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे आणि खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा आहे, तर नळाला धार किती येणार?

एएमडीच्याच साध्या रायझन प्रोसेसरची चिप ४० बाय ४० मिलिमीटर असते, चौकोनी बिस्किटाएवढी. बाजारातले बहुतेक लिक्विड कूलर तिच्यासाठी किंवा इंटेलच्या तशाच चिपसाठी बनतात, आणि त्यातल्या गोल प्लेटचा व्यास साधारण साडेपाच सेंटिमीटर. तुमचा ७९७०एक्स थ्रेडरिपर जवळजवळ साडेसात सेंटिमीटर लांब आणि सहा रुंद आहे. ३२ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ३५० वॅट, खाली सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खाचेत) ४८४४ संपर्कबिंदू. याच्या बॉक्समध्ये एएमडी कूलर देतच नाही, देते तो ठरावीक ताणाला कट्‌ आवाज करून थांबणारा स्क्रूड्रायव्हर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्या मोठ्या झाकणाखाली मधोमध बसलेली असते ती आयओ चिप, म्हणजे माहितीची ने-आण करणारी. खऱ्या तापणाऱ्या, कोअरच्या चार चिप्स तिच्या दोन्ही अंगांना असतात.

परवा तुमच्या ऑफिसात आमच्या दुकानातल्या मुलाने कूलर काढला तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होतात. आठवून बघा. मधे, चिप आणि प्लेट यांच्यात लावतात त्या पेस्टचा बशीसारखा गोल ठसा उमटला होता, पातळ, नीट दबलेला. आणि दोन्ही कडांना पेस्ट लावली तशीच फुगीर राहिली होती, तिला काही टेकलंच नव्हतं. कोअर नेमके त्या बाजूंना.

मग हे कूलर थ्रेडरिपरला चालतात असं बॉक्सवर का लिहितात? कारण ते बसतात, आणि एके काळी खरंच चालायचे. २०१७ साली पहिला थ्रेडरिपर आला तेव्हा १६ कोअरचा १९५०एक्स १८० वॅटचा होता. गोल प्लेटच्या कूलरसाठीचा ब्रॅकेट त्या वेळी एएमडी स्वतःच प्रोसेसरच्या बॉक्समध्ये देत होती. मीही तसे कूलर लावले, एकाचीही तक्रार आली नाही. २०१९ मध्ये वॅट २८० झाले, २०२३ मध्ये ३५०. प्लेट मात्र तेवढीच राहिली. ‘सपोर्टेड’ या शब्दाचा अर्थ स्क्रू बसतात एवढाच धरायचा, हे मी दुकानात दहा वेळा सांगतो. तुम्हालाही सांगितलं होतं.

आणि नऊ हजारांचं. ते माझ्या खिशात गेले असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं. स्क्रीनच्या कूलरमध्ये मला सुटले अकराशे रुपये. साध्यात नऊशे सुटले असते. दोनशे रुपयांसाठी मी सात लाखांच्या मशीनवर स्वतःचं नाव खराब करून घेईन का, सर? खरेदीचं बिल बघायचं असेल तर दुकानात या, फाइल काढून समोर ठेवतो.

चार दिवसांच्या उशिराचं कारणही तोच कूलर. त्याच्या बॉक्समध्ये या सॉकेटचा ब्रॅकेट निघाला नाही. पुण्यात कुणाकडे मिळेना, शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला. पहिल्या दिवशी मी फोन करून म्हटलं होतं, अजूनही पहिल्या कोटेशनचा घ्या, उद्या मशीन देतो. तुम्ही थांबतो म्हणालात. हो, रोजच्या रोज कळवायला हवं होतं, ते दोन दिवस राहून गेलं.

तुमच्या ऑफिसातल्या त्या खणाबद्दल मी बोलणार नव्हतो, पण बोलल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. सुताराने टेबलाखाली प्लायचा सुंदर खण केलाय, पुढे काचेचं दार, मागे केबलपुरतं भोक. मशीन त्यात. तुमचं ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटचं, प्रोसेसर ३५०. म्हणजे रेंडर चालू असताना खणात सतत ८०० वॅट उष्णता पडते. एखाद्या छोट्या रूम हीटरची साधारण एवढीच असते. मी थर्मामीटर ठेवून पाहिलं: खोलीत ३१, खणात ४४. कूलर कुठलाही असो, आजूबाजूची हवा तेरा डिग्रीने गरम तर चिपही साधारण तेवढ्याच डिग्रीने जास्त गरम, त्यावर कुणाचा इलाज नाही. दार उघडल्यावर प्रोसेसरचा वेग ४.० वरून ४.२ गिगाहर्ट्‌झवर आला, पण तापमान ९५ वरून हललं नाही. तुम्हाला वाटलं दार उघडून काहीच फरक पडला नाही. फरक पडला होता. ९५ ही या प्रोसेसरची मर्यादा आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि थोडी थंड हवा मिळाली की आकडा ९५ च ठेवून वेग वाढवतो. त्यामुळे नुसता डिग्रीचा आकडा बघू नका, वेगाचाही बघा. आणि प्रोसेसर जळेल ही भीतीही मनातून काढून टाका.

आता माझ्या बाजूची खरी चूक, जी तुम्ही लिहिलेली नाही. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री आम्ही मशीन फुल लोडवर वीस मिनिटं चालवलं. एसी चालू, कॅबिनेटची बाजूची काच काढलेली. ८८ डिग्री दिसले आणि मी हो म्हटलं. लिक्विड कूलरमध्ये पाणी तापून स्थिर व्हायलाच अर्धा तास, कधी जास्त लागतो. सुरुवातीची वीस मिनिटं ते पाणी उष्णता गिळत राहतं आणि आकडा फसवा दिसतो. हे मला माहीत आहे. तरी रात्रीचे साडेदहा वाजले होते, तुम्हाला सकाळी मशीन हवं होतं, आधीच चार दिवस गेले होते. आणि गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी काही ठिकाणी दुकानदाराने ‘हे मी लावणार नाही’ म्हणायचं असतं. मी तुमचं मन राखलं, ते तुमच्याही अंगाशी आलं आणि माझ्याही.

यापुढे असं होऊ नये म्हणून टेस्टिंगची पद्धत आम्ही बदलतोय. मोठ्या मशीनला जास्त वेळ देऊ, फोनचंही काहीतरी बघतोय.

हे सगळं का लिहिलं ते सांगतो. काल एक मुलगा वर्कस्टेशनची चौकशी करायला आला. कोटेशन हातात घेतलं, मग मोबाईल माझ्यापुढे धरला, तुमचा रिव्ह्यू दाखवला आणि ‘नंतर येतो’ म्हणून गेला. दुकानात माझ्याशिवाय दोन मुलं कामाला आहेत. एवढ्या मोठ्या मशीनची ऑर्डर आमच्याकडे महिन्यात एखादीच येते, तिच्यावर भाडं निघतं. ऑनलाइनवाल्यांपेक्षा आमच्याकडे जास्तीचं काय, तर चूक झाली की माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन तुमच्या ऑफिसात येतो. परवा आम्ही त्याचसाठी आलो होतो, त्याचे पैसे मागितले नाहीत. रिव्ह्यूमध्ये ते कुठे आलं नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

पहिल्या कोटेशनमधला कूलर मी मागवून ठेवलाय, मोठ्या प्लेटचा. तो लावून देतो. तुमचा स्क्रीनचा कूलर वापरलेला असला तरी पूर्ण किमतीत परत घेतो आणि फरकाचे नऊ हजार त्याच दिवशी तुमच्या खात्यात टाकतो. बदलल्यावर तुमच्याच सीनचा रेंडर, तुमच्याच ऑफिसात, दोन तास चालवून बघू. फक्त त्या खणाचं दार तेवढं काढायला सुताराला सांगा, किंवा मशीन टेबलावर ठेवा. बोर्डवर प्रोसेसरच्या दोन्ही बाजूंना जे रॅम आहेत, तेही गरम होतात. लिक्विड कूलर असला की त्यांच्यावर हवेचा झोत येत नाही, म्हणून तिथे एक छोटा पंखा जोडून देतो, माझ्याकडून.

स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही. मशीन तापतं, उशीर झाला, फोन उचलला नाही, हे सगळं राहू द्या, ते झालेलंच आहे. ‘गळ्यात मारला’ एवढे दोन शब्द मात्र काढा, सर.

मशीन इकडे आणायची खटपट करू नका, जड आहे. मीच सामान घेऊन येतो. सध्या लावलेला रेंडर कधी संपतोय तेवढं कळवा, मधेच थांबवायला नको.

– दुकानाचा मालक