सिडनी–सांतियागो थेट विमान 'अशक्य' म्हणणाऱ्यांस उत्तर

ऑस्ट्रेलियातील सिडनीहून चिलीच्या सांतियागोला थेट विमान जाऊच शकत नाही, वेळापत्रकातील उड्डाण ही शुद्ध धूळफेक आहे आणि म्हणून पृथ्वी सपाट आहे, असा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. माझ्या शाळकरी भाचीने तो प्रकल्पाच्या वहीत जसाच्या तसा उतरवला नसता, तर मी त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

संदेशाचा सारा डोलारा अंतरावर उभा आहे आणि सर्वांत हास्यास्पद भागही तोच आहे. सोबतच्या नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी असून दक्षिणेकडचे देश कडेला वाटेल तसे ताणले गेले आहेत. त्यावर या दोन शहरांत सुमारे 25,600 किलोमीटर भरतात, आणि मग विचारले जाते की एवढे इंधन कोणते विमान नेईल? एकही नेणार नाही. पण चूक विमानाची नसून नकाशाची आहे. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीच्या वेळापत्रकानुसार हा प्रवास साधारण साडेबारा तासांचा आहे. संदेशातील अंतर खरे मानले, तर विमानाला ताशी 2,000 किलोमीटरहून अधिक, म्हणजे त्या उंचीवरील ध्वनिवेगाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जावे लागेल. याउलट पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा: तो 60 अंश दक्षिणेच्याही खाली उतरतो आणि प्रमाणानुसार सुमारे 11,300 किलोमीटर भरतो. त्याला साडेबाराने भागल्यास ताशी 900 किलोमीटर येतात, आणि पाठीमागून वारा असताना प्रवासी जेट नेमके याच वेगाने जाते. विमानाचे दिशादर्शनही गोल पृथ्वीच्याच गणितावर चालते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1998 पासून डब्ल्यूजीएस-84 हीच, म्हणजे पृथ्वी गोलाकार धरून जागांचे अक्षांश-रेखांश मोजणारी, प्रमाणप्रणाली ठरवून दिलेली आहे.

'विमान निघण्याआधीच पोहोचते' या आक्षेपात तथ्य नाही. सांतियागोचे घड्याळ सिडनीच्या बहुतेक वर्षभर 14 तास मागे असते, त्यामुळे साडेबारा तासांनी उतरणाऱ्याला तिथे निघण्याच्या वेळेपेक्षा दीड तास आधीची वेळ दिसते, एवढेच.

पृथ्वी फिरते तर पश्चिमेकडचा प्रवास लवकर व्हायला हवा, हाही असाच मुद्दा. वातावरण पृथ्वीसोबतच फिरते. त्या अक्षांशांत उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून परतीला सुमारे दीड तास जास्त लागतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते: समुद्रावर गेल्यावर हे विमान उड्डाणांचा मागोवा घेणाऱ्या ऑनलाइन नकाशांवरून बरेचदा दिसेनासे होते आणि दक्षिण गोलार्धात अशी थेट उड्डाणे खरोखरच थोडी आहेत. पण विमानाचे संकेत टिपणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रांना फार तर 400 किलोमीटरपर्यंतचे संकेत मिळतात, आणि मधल्या महासागरात ती यंत्रे बसवायला जमीनच नाही. दुसरे म्हणजे, दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत विमानतळ गाठता येईल अशाच मार्गाने जावे लागते. ही मर्यादा 330 मिनिटांपर्यंत वाढवून मिळाल्यावरच 2015 मध्ये ऑकलंड (न्यूझीलंड)–ब्वेनोस आयरेस (अर्जेंटिना) मार्गावर दोन इंजिनांची बोइंग 777 विमाने धावू लागली.