ट्रूडोंना कॅनडाच्या मतदाराने भारतासाठी घरी पाठवलं नाही

कॅनडात २८ एप्रिल २०२५ रोजी निवडणूक झाली आणि मतमोजणी पुरती आटोपायच्या आत आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तिचा अर्थ येऊन पडला. मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच होता. भारताशी पंगा घेतला म्हणून पंतप्रधान ट्रूडो गेले. जगमीत सिंग हरले, म्हणजे खलिस्तानवाद्यांना जनतेने धडा शिकवला. तिथलं सरकार शीख मतांवर चालतं. तिकडची आपली माणसं डोळे झाकून ट्रूडोंच्या लिबरल पक्षाला मत देतात. आणि ट्रूडोंच्या जागी आलेले लिबरल कार्नी निवडून आले ते भारताशी जुळवून घेणार म्हणून. खाली तिरंगा आणि त्याखाली ‘प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा’.

मी कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात राहतो आणि इथेच मत देतो. हा मजकूर वाचून वाटलं की ज्या निवडणुकीबद्दल तो बोलतोय ती मी पाहिलीच नाही. तेव्हा एकेक दावा घेऊ.

‘भारताशी वैर घेतलं म्हणून ट्रूडो गेले’

आधी तारखा लावू. कॅनडातला खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर याच्या हत्येमागे भारताचा हात असल्याचा आरोप ट्रूडोंनी संसदेत केला १८ सप्टेंबर २०२३ ला. जनमत चाचण्यांत विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष त्यांच्या पुढे निघून गेला होता तो त्याआधीच, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. कारण परराष्ट्र खात्यात नव्हतं, स्वयंपाकघरात होतं. जून २०२२ मध्ये महागाई ८.१ टक्क्यांवर गेली. ती आवरायला बँक ऑफ कॅनडाने व्याजदर मार्च २०२२ मधल्या पाव टक्क्यावरून जुलै २०२३ पर्यंत थेट ५ टक्क्यांवर नेला.

हा दर इथे किती टोचतो ते भारतातून चटकन कळत नाही. कॅनडात गृहकर्ज पंचवीस वर्षांचं असतं, पण दराचा करार बहुधा पाच वर्षांचा. पाच वर्षं झाली की बँक नवा दर सांगते आणि तुम्ही तो घेता. ज्यांनी २०२०-२१ मध्ये दोन टक्क्यांच्या आसपास घर घेतलं, त्यांची ही तारीख नेमकी २०२५-२६ मध्ये येत होती. टोरांटोच्या उपनगरांत त्या काळात कुणाकडेही जेवायला जा, पोळी ताटात पडायच्या आत विषय निघायचा ‘तुमचं रिन्यूअल कधी?’ ज्यांचं घरच नव्हतं ते भाड्याबद्दल बोलायचे. निज्जर प्रकरणही निघायचं, नाही असं नाही. पण ते जेवण झाल्यावर, बडीशेप चघळताना.

मग पक्षाला आतून तडे गेले. जून २०२४ मध्ये टोरांटो-सेंट पॉल्सची पोटनिवडणूक लिबरल हरले. ही जागा १९९३ पासून त्यांच्याकडे होती. सप्टेंबरमध्ये माँट्रियालमधली एक सुरक्षित जागा ब्लॉक केबेक्वा या क्यूबेकवादी पक्षाने घेतली. शेवटचा घाव १६ डिसेंबर २०२४ ला बसला, अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांच्या राजीनाम्याने. भांडण कशावरून होतं? ट्रम्प आयातशुल्काची धमकी देत असताना तिजोरी राखायची की लोकांना २५० डॉलरचे चेक वाटायचे आणि दोन महिने जीएसटी माफ करायचा, यावरून. राजीनाम्याच्या पत्रात त्यांनी अशा खर्चिक राजकीय क्लृप्त्यांवर सरळ बोट ठेवलं होतं. भारताचा त्यात संबंध नव्हता. ६ जानेवारीला ट्रूडोंनी पायउतार होण्याची घोषणा केली. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढाच काय तो भारताचा आणि या राजीनाम्याचा संबंध.

शिवाय एक साधी गोष्ट या मजकुरात हरवते. ट्रूडो गेले, पण त्यांचा पक्ष जिंकला. भारताच्या बाजूने एखाद्याला शिक्षा करायची, तर मतदार त्याच्याच पक्षाला चौथ्यांदा सत्ता कशाला देतील?

‘जगमीत सिंग हरले म्हणजे खलिस्तान हरलं’

बर्नबी सेंट्रल मतदारसंघात जगमीत सिंग तिसऱ्या क्रमांकावर गेले, हे खरं. पण ते ज्याचे नेते होते त्या डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचं देशभर काय झालं ते बघा. २०२१ मध्ये २५ जागा आणि जवळजवळ १८ टक्के मतं, २०२५ मध्ये ७ जागा आणि ६.३ टक्के. अधिकृत पक्षाचा दर्जा टिकवायला १२ जागा लागतात, तोही गेला. पडले कोण? विंडसरचे ब्रायन मॅसी, हॅमिल्टनचे मॅथ्यू ग्रीन, न्यू वेस्टमिन्स्टरचे पीटर ज्युलियन. यांच्यापैकी कुणाचा खलिस्तानशी काय संबंध?

खरं कारण निवडणुकीच्या पद्धतीत आहे. कॅनडात भारतासारखंच आहे, ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला. कॉन्झर्व्हेटिव्ह येऊ नयेत असं वाटणाऱ्या डाव्या मतदाराने ‘मत फुटायला नको’ म्हणून लिबरलकडे उडी मारली. गंमत अशी की व्हँकुव्हर बेटावरच्या काही जागांवर ही उडी अंगाशी आली. मतं फुटली आणि कॉन्झर्व्हेटिव्हच निवडून आले. ट्रूडोंच्या अल्पमतातल्या सरकारला सिंग यांनी २०२२ पासून टेकू दिला आणि त्या बदल्यात दंतोपचाराची सरकारी योजना पदरात पाडून घेतली. तिचं श्रेय लिबरलांनी नेलं, राग मात्र दोघांनी वाटून घेतला. धाकट्या साथीदार पक्षाचं असं होताना महाराष्ट्रातल्या वाचकाने पाहिलं नसेल असं थोडंच आहे.

‘शीख मतांवर सरकार चालतं’

२०२१ च्या जनगणनेत शीख सुमारे ७ लाख ७१ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या २.१ टक्के. हिंदू सुमारे ८ लाख २८ हजार, २.३ टक्के. ब्रॅम्प्टन, सरे अशा ठिकाणी एकवटलेली शीख मतं मोलाची आहेत आणि तिथे सगळेच पक्ष गुरुद्वाऱ्याच्या पायऱ्या चढतात. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे उपनेते टिम उप्पल पगडीधारी शीखच आहेत. पण एकूण जागा ३४३. २.१ टक्क्यांनी सरकार ठरत असतं, तर क्यूबेकच्या ७८ जागांसाठी पक्षनेत्यांनी फ्रेंचची शिकवणी लावली नसती.

आणि ब्रॅम्प्टनचे पंजाबी तरी एकाच मताचे कुठे आहेत? तिथल्या सहापैकी पाच जागा लिबरलांनी राखल्या. सहावीवर, ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये, विद्यमान आरोग्यमंत्री कमल खेरा यांना कॉन्झर्व्हेटिव्ह अमरजीत गिल यांनी पाडलं. तिथे प्रचारात ऐकू यायचं ते गाड्यांच्या चोऱ्यांबद्दल, जामिनावर सुटणाऱ्या गुंडांबद्दल आणि दक्षिण आशियाई दुकानदारांना येणाऱ्या खंडणीच्या फोनबद्दल. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिराबाहेर मारामारी झाली, तिची भीतीही खरी होती. तिच्यानंतर ब्रॅम्प्टन महापालिकेने प्रार्थनास्थळांजवळच्या निदर्शनांवर बंधन आणलं आणि पुढे प्रार्थनास्थळाची वाट अडवणं गुन्हा ठरवण्याचं वचन लिबरलांच्या जाहीरनाम्यात आलं. म्हणजे हा मुद्दा होता, पण कायदा-सुव्यवस्थेचा म्हणून होता.

मग मतदार कशावर भांडत होते?

एप्रिलमध्ये माँट्रियालला नेत्यांच्या दोन जाहीर वादचर्चा झाल्या. फ्रेंचमधली १६ ला. ती दोन तास अलीकडे आणावी लागली, कारण त्या रात्री माँट्रियाल कॅनेडियन्सचा हॉकीचा सामना होता! इथल्या मतदाराच्या प्राधान्यक्रमाबद्दल याहून प्रामाणिक पुरावा मिळणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी चर्चेचे पाच विषय होते: महागाई, ऊर्जा आणि हवामान, संकटातलं नेतृत्व, सार्वजनिक सुरक्षा आणि आयातशुल्क. या पाचांत भारत कुठे बसवायचा ते मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावं.

जानेवारीत कॉन्झर्व्हेटिव्ह वीसहून जास्त टक्क्यांनी पुढे होते. त्यांचे नेते पियेर पॉलिएव्ह यांची घोषणा ठरलेली होती: कार्बन कर रद्द करा. पण ट्रम्प डिसेंबरपासूनच कॅनडाला ‘५१ वं राज्य’ म्हणत होते, मार्चमध्ये शुल्क लागू झालं आणि लोकांच्या मनातला क्रम बदलला. १४ मार्चला पंतप्रधान झालेल्या मार्क कार्नी यांनी त्याच दिवशी ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणण्याच्या कागदावर सही केली. १ एप्रिलपासून पेट्रोल लिटरमागे सतरा-अठरा सेंटने उतरलं आणि पॉलिएव्ह यांच्या घोषणेतली हवाही.

पण ‘म्हणजे निवडणूक फक्त ट्रम्पवर झाली’ हा दुसऱ्या बाजूचा लाडका निष्कर्षही मला पटत नाही, आणि तो न पटण्याचं कारण विंडसर आहे. नदीपलीकडे डेट्रॉइट, अलीकडे हे मोटारींचं गाव. ३ एप्रिलला गाड्यांवरचं अमेरिकी शुल्क लागू झालं आणि ७ एप्रिलपासून स्टेलॅंटिसचा मोटार कारखाना दोन आठवडे बंद राहिला. ट्रम्पचा फटका याहून थेट कुणाला बसला नव्हता. ‘ट्रम्पच्या भीतीने लिबरल’ हे सूत्र खरं असतं, तर विंडसरने लिबरलांना डोक्यावर घेतलं असतं. घडलं उलटं. विंडसर वेस्टची न्यू डेमोक्रॅटांची जुनी जागा आणि शेजारची विंडसर-टेकम्से-लेकशोरची लिबरल जागा, दोन्ही कॉन्झर्व्हेटिव्हांनी घेतल्या. दुसरी फेरमोजणीनंतर अवघ्या चार मतांनी! केंब्रिज, किचनर साउथ, लंडन-फॅनशॉ या कारखानदारीच्या पट्ट्यातही तेच झालं. माझा अर्थ असा, की ज्याची पाळी कधीही बंद होऊ शकते त्याला ट्रम्पशी कोण लढेल यापेक्षा गेल्या दहा वर्षांत आपलं भाडं दुप्पट का झालं हा प्रश्न जवळचा वाटला. पॉलिएव्ह यांनी कामगारांत वर्षानुवर्षं पेरलेलंही इथे उगवलं.

घर फेडून झालेल्या साठीच्या माणसाला देशाचं सार्वभौमत्व आधी दिसतं, तळघरात भाड्याने राहणाऱ्या तिशीच्या मुलाला घर आधी दिसतं. प्रचारकाळातल्या चाचण्यांत ज्येष्ठ लिबरलकडे आणि तरुण, विशेषतः तरुण मुलगे, कॉन्झर्व्हेटिव्हकडे झुकलेले दिसत होते ते त्यामुळे. दोन्ही पक्षांनी हे ओळखलं होतं. लिबरल म्हणाले, पहिलं घर घेणाऱ्याला दहा लाख डॉलरपर्यंतच्या नव्या घरावर जीएसटी माफ. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणाले, तेरा लाखांच्या आतल्या सगळ्याच नव्या घरांवर माफ.

अल्बर्टात ३७ पैकी ३४ जागा कॉन्झर्व्हेटिव्हांच्या, तिथे बोलणं तेलाचं आणि पाइपलाइनचं. क्यूबेकात ब्लॉक ३२ वरून २२ वर आला, कारण स्वतंत्र क्यूबेकचं स्वप्न पाहणाऱ्यांपैकीही काहींना अमेरिकेपेक्षा कॅनडाची राजधानी ओटावा बरी वाटली. पॉलिएव्ह स्वतः ओटावाजवळच्या कार्लटनमध्ये पडले, जिथे मतपत्रिकेवर ९१ उमेदवार होते आणि जिथे राहणाऱ्या सरकारी नोकरांना त्यांची नोकरकपातीची भाषा अर्थातच आवडली नव्हती. देशभरात लिबरलांना ४३.८ टक्के, कॉन्झर्व्हेटिव्हांना ४१.३. फेरमोजण्यांनंतर जागा १६९ आणि १४४, बहुमताला हव्या १७२. मतदारांनी कुणा एकाचा मुद्दा पुरता मान्य केला नाही.

‘तिकडची आपली माणसं डोळे झाकून लिबरलला मत देतात’

मुळात आपल्यातल्या बऱ्याच जणांना मतच नाही. शिकायला आलेले, वर्क परमिटवर असलेले आणि पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळालेलेसुद्धा मत देऊ शकत नाहीत. त्यासाठी कॅनडाचं नागरिकत्व लागतं. पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे काढायचे आणि मग भारताचं नागरिकत्व सोडायचं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. स्थलांतर हा मुद्दा ज्यांच्या मानेवर बसला, त्यांना बोलायची सोय नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली. त्याच ऑक्टोबरमध्ये २०२५ चं पीआरचं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं गेलं. हे लिबरल सरकारनेच केलं, आणि कॉन्झर्व्हेटिव्हांची तक्रार एवढीच की फार उशिरा केलं. ज्यांना मत आहे ते मराठी लोक बाकीच्या उपनगरी मध्यमवर्गासारखेच विभागलेले आहेत. दिवाळीच्या फराळाला एका टेबलावर बसवून बघा.

‘कार्नी आले ते भारताशी जुळवून घ्यायला’

कार्नी प्रचारात भारताशी संबंध सुधारण्याबद्दल बोलले, हे मान्य. पण त्याच वाक्यांत व्यापार असायचा, कारण कॅनडाच्या मालाची सुमारे तीन चतुर्थांश निर्यात तेव्हा अमेरिकेला जात होती आणि तीच वाट अडवली जात होती. भारत, युरोप, आशिया, जिथे गिऱ्हाईक मिळेल तिथे जायचं होतं. भारतप्रेमाचा पुरावा म्हणून हा मजकूर फिरवणाऱ्यांना एक आठवण करून देतो. कार्नी ज्या नेपियनमधून निवडून आले, तिथले लिबरल खासदार होते कर्नाटकातून आलेले चंद्र आर्य, खलिस्तानवाद्यांचे उघड टीकाकार. त्यांची उमेदवारी पक्षाने मार्चमध्ये काढून घेतली आणि मग तिथे कार्नी उभे राहिले.

जूनमध्ये कॅनॅनॅस्किसच्या जी-७ बैठकीला मोदींना बोलावल्यावर इथे बरीच टीका झाली. कार्नी यांनी उत्तर दिलं ते भारताच्या अर्थव्यवस्थेच्या आकाराचं आणि पुरवठा साखळीतल्या स्थानाचं. दोन्ही देशांनी एकमेकांकडे उच्चायुक्त परत नेमायचं तिथे ठरलं. निज्जर प्रकरणाबद्दल विचारलं तेव्हा, कायदेशीर प्रक्रिया चालू आहे, एवढंच म्हणून त्यांनी जास्त बोलायचं टाळलं.