ब्रेक दाबणाऱ्या पायात काय असावं?

‘चप्पल घालून गाडी चालवली तर हजार रुपये दंड’ हा मेसेज आमच्या जळगावच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. २०१९ मध्ये वाढीव दंड लागू झाले तेव्हाही तो असाच फिरला होता, आणि त्याच सप्टेंबरात नितीन गडकरींच्या कार्यालयाने ट्विट करून सांगितलं होतं की चप्पल, लुंगी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट यासाठी कायद्यात दंड नाही. कुणीतरी ते जुनं ट्विट शोधून टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. दंड नाही म्हणजे चप्पल चालते, असा सगळ्यांनी अर्थ काढला. तो अर्थ मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी गाडी शिकवते. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात, त्यामुळे माझं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं शिकणाऱ्याच्या पायांवर असतं. स्टेअरिंग, आरसा, गिअर यावर सगळे प्रश्न विचारतात. पायात काय घालून येऊ, हे मला कुणी आपणहून विचारत नाही. गाडी घेतली की सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील यावर हौसेने खर्च होतो, आणि ज्या पायाने ती गाडी थांबवायची त्या पायात घरातली झिजलेली स्लिपर.

पाय नेमकं काय करतो ते बघा. उजवी टाच गाडीच्या तळावर टेकलेली असते, चवडा पॅडलवर असतो. एक्सलरेटरवरून ब्रेकवर जाताना टाच साधारण जागेवरच राहते, चवडा वळतो. म्हणजे टाच पक्की हवी आणि चवड्याला पॅडल कळलं पाहिजे. स्लिपरमध्ये या दोन्ही गोष्टी बिघडतात. टाच मोकळी, त्यामुळे पाय उचलला की स्लिपरचा मागचा भाग खाली लोंबतो. कधी तो मॅटमध्ये अडकतो, कधी पुढचा भाग दुमडून पॅडलखाली जातो. ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. स्लिपर सोडवण्यात अर्धा सेकंद गेला तरी ११ मीटर गेले. भुसावळ रस्त्यावर केळीच्या ट्रकमागून जाताना ११ मीटर म्हणजे किती, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कोल्हापुरी दिसायला देखणी, पण तिचा कातडी तळ गुळगुळीत असतो आणि टाच तिच्यातही मोकळीच. अखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि लग्नसराईत बायका हिल घालून कार चालवायला बसतात. त्यात टाच वर उचललेली राहते आणि सगळा भार एका टोकावर येतो, मग पाय फिरवायला आधारच उरत नाही. एमआयडीसीतून सुटणाऱ्या भावांनाही सांगते: सेफ्टी शूज मशीनपुढे हवेतच, पण घरी जाताना कार चालवायची असेल तर ते बदला. पुढे लोखंडी टोपी, खाली जाड तळ आणि रुंदी इतकी की छोट्या गाडीत ब्रेक दाबताना कड एक्सलरेटरलाही लागते.

आता ज्यावर माझ्याशी सगळ्यात जास्त वाद होतो ते. स्पोर्ट्स शूज घातले म्हणजे झालं, असं नाही. हल्ली धावण्याचे जे फुगीर तळाचे बूट मिळतात ते धावण्यासाठी उत्तम आहेत, गुडघ्याला धक्का बसू नये म्हणूनच त्यात तेवढा फोम भरतात. तोच फोम क्लच आणि पायाच्या मध्ये आला की क्लच कुठे पकडतोय ते कळत नाही. कन्नड घाटात चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची असते, पुढे गाडी, मागे गाडी. तिथे हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा सोडून नेमका धरून ठेवणं, हा तळव्याला कळण्याचा प्रकार आहे. तळ साधारण १० मिलिमीटरपेक्षा जाड नको, सपाट हवा, आणि बुटाबाहेर पसरलेला नको.

मग अनवाणी? ‘माले तं अनवाणीच बरं वाटस ताई’ असं सांगणारे खूप भेटतात. पॅडल कळतं हे खरं. पण जोरात ब्रेक दाबायची वेळ येते तेव्हा नुसता तळवा तेवढा दाब सहन करत नाही, घामाने सरकतोही, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना उन्हात उभ्या गाडीचं पॅडल चटका देतं. याहून वाईट म्हणजे काढलेली चप्पल. ती तिथेच सीटखाली सरकवतात. उतारावर किंवा ब्रेक लागल्यावर ती पुढे येते आणि ब्रेकच्या पॅडलखाली जाऊन बसते. मग तुम्ही कितीही दाबा, पॅडल पूर्ण खाली जात नाही. पाण्याच्या बाटलीचंही हेच. ड्रायव्हरच्या पायाशी पाय आणि मॅट यांखेरीज काहीही नको, आणि मॅटही खालच्या हुकात अडकवलेली हवी. काढलेली चप्पल शेजारच्या सीटपुढे किंवा डिकीत.

हे सगळं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं त्याला माझा भाचा कारण आहे. त्याला गो-कार्टिंगचं, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीचं वेड आहे, कोईमतूरच्या करी या रेसिंग ट्रॅकवर एकदा गाडी पळवायची हे त्याचं स्वप्न. त्याला रेसिंगचे बूट हवे होते म्हणून मी शोधायला बसले, आणि त्या बुटाची रचना बघून थक्क झाले. आपण गाडीत जे चुकीचं घालतो त्याच्या बरोबर उलट तो बूट असतो. तळ पातळ. टाचेचा मागचा भाग गोलाकार, म्हणजे टाच टेकवून पाय सहज फिरतो. पुढचा भाग अरुंद, कारण शर्यतीत ब्रेक दाबता दाबता त्याच पायाच्या कडेने एक्सलरेटरला हलका धक्का द्यायचा असतो, म्हणजे खालचा गिअर पडताना चाकं अडखळत नाहीत. घोटा झाकलेला. बाहेरून मऊ कातडं, आतून आग न पकडणारं कापड.

या बुटाचा इतिहासही गोड आहे. इटलीच्या सिसिली बेटावर टार्गा फ्लोरिओ नावाची शर्यत डोंगरातल्या साध्या रस्त्यांवर व्हायची. तिथल्या चेफालू गावातल्या चिचो लिबेर्तो या चांभाराने १९६०च्या दशकात चालकांच्या पायाच्या मापाने मऊ, पातळ तळाचे बूट शिवायला सुरुवात केली आणि नावाजलेले रेसर त्याच्याकडे येऊ लागले. छोट्या गावातल्या एका कारागिराने पायाचं दुखणं ओळखलं, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडेही असे हात आहेत. आमच्याकडच्या एका काकांनी माझ्या एका विद्यार्थिनीच्या बुटाचा जाड तळ काढून पातळ रबराचा लावून दिला, आणि क्लचवर तिचा पाय बसायला लागला.

आगीचं सांगितलंच पाहिजे. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमँ ग्रोझाँ या रेसरची गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आग भडकली. त्याचा डावा पाय आत अडकला होता. त्याने बूट तिथेच सोडून पाय ओढून काढला आणि २७ सेकंदांनी तो आगीतून बाहेर आला. हात भाजले, पण जीव वाचला. अशा वेळी साधं नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, रेसिंगमधलं नोमेक्स हे आग सोसणारं कापड वितळत नाही. म्हणूनच फॉर्म्युला वनमध्ये मोज्यापासून बुटापर्यंत सगळं एफआयए या मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ८८५६-२०१८ या मानकाचं लागतं. भाच्याला मी हेच समजावलं: दुकानात रेसिंग टीमचं चित्र छापलेले जे बूट मिळतात ते फिरायला ठीक, पण त्यावर मानकाचं लेबल शिवलेलं नसेल तर तो रेसिंगचा बूट नाही. आणि स्पर्धेत उतरायचं ठरलं की आयोजकांकडून कपड्याबुटांचा नियम आधी लेखी घे, मगच पैसे घाल.

रस्त्यावरच्या कारसाठी मात्र रेसिंगचा बूट घेऊ नका. त्याचा तळ चालण्यासाठी बनवलेलाच नसतो, बाजारात चार दिवस फिरलात तर झिजेल. साधा कॅनव्हासचा, सपाट रबरी तळाचा, नाडीचा बूट पुरे. दुकानात घालून बघताना फरशीवर पेन ठेवून त्यावर चवडा टेकवा. पेन जाणवलं तर पॅडलही जाणवेल. टाच उचलून बघा, बूट पायाबरोबर उचलला पाहिजे. नाडीची टोकं आत खोचा. आणि तो जोड गाडीतच राहू द्या, लग्नाला कोल्हापुरी घालून खुशाल जा, गाडीत बसताना बदला.

मोटरसायकलवाल्यांचं गणित वेगळं. तिथे पातळ तळापेक्षा घोटा झाकणं महत्त्वाचं, कारण गाडी आडवी झाली की आधी पाय खाली सापडतो. घोट्यावर येणारा, घट्ट नाडीचा मजबूत बूट ही किमान गोष्ट. खास रायडिंग बूट घेणार असाल तर त्यावर ईएन १३६३४ हे युरोपचं मानक बघा. स्कूटीवर जाणाऱ्या मुलींनो, सिग्नलला पाय टेकवताना सुटणारी चप्पल तिथेही धोक्याचीच.

पावसाळ्याचं शेवटी, कारण शेतातून थेट गाडीत बसणारे आपल्याकडे हजारो आहेत. शर्यतीच्या दिवशी पाऊस असला की रेसर गाडीत बसण्याआधी बुटाचे तळ कोरडे करतात, ओला तळ पॅडलवर जाऊ देत नाहीत. आपली काळी माती तर बुटाखाली थरावर थर चढते. त्या गाऱ्याने भरलेला गमबूट घेऊन क्लचवर पाय ठेवला की तो सटकणारच. ट्रॅक्टरवर हे जास्त जीवघेणं आहे, कारण तिथे उजवीकडे दोन ब्रेक असतात, दोन्ही मागच्या चाकांचे वेगवेगळे. वावरात वळायला ते सुटे ठेवतात, रस्त्यावर कडीने जोडायचे असतात. जोडायचे राहिले आणि गाऱ्याने पाय सरकून एकच दाबला गेला, तर कापसाने भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. म्हणून ट्रॅक्टरवाल्या भावांनो, चढायच्या पायरीशी पोत्याचा एक जाड तुकडा बांधा, तळ त्यावर घासूनच वर चढा, आणि वावराबाहेर पडताना आधी ब्रेकची कडी लावा. पॅडलवरचं रबर झिजून लोखंड उघडं पडलं असेल तर पेरणीआधी बदलून घ्या.