मुळाक्षरांचा क्रम उच्चारासाठी आहे, हातासाठी नव्हे

पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की, मराठी वर्णमाला शास्त्रशुद्ध असल्यामुळे मुलाला तिसऱ्या वर्षापासूनच ‘अ’ ते ‘ज्ञ’ या क्रमाने रोज पानभर अक्षरे गिरवायला लावावीत. त्याने मूल लवकर वाचू लागते, अक्षर वळणदार होते आणि मागच्या पिढ्याही अशाच शिकल्या.

वर्णमाला शास्त्रशुद्ध आहे, याबद्दल वाद नाही. पण ते शास्त्र उच्चाराचे आहे. क-वर्ग कंठातून निघतो, मग टाळू, मूर्धा (टाळूचा वरचा भाग), दात असे पुढे येत प-वर्ग ओठांवर पोहोचतो. अक्षरांच्या आकारांशी या क्रमाचा काहीही संबंध नाही. दुसरेच व्यंजन ‘ख’ घ्या. त्यात ‘र’ आणि ‘व’ हे दोन आकार जोडलेले आहेत, आणि व्यंजनांच्या क्रमात त्यांची पाळी २७व्या आणि २९व्या स्थानी येते. पाचव्याच स्थानी येणाऱ्या ‘ङ’ने सुरू होणारा एकही शब्द मुलाच्या बोलण्यात नसतो. याउलट ग, म, न ही एकाच वळणाची अक्षरे आधी घेतली, तर एक काना शिकताच ‘मामा’, ‘नाग’, ‘मान’ असे ओळखीचे शब्द मुलाला लिहिता येतात. व, ब, क यांचेही तसेच आहे. ‘व’ बसला की पुढचे दोन सोपे जातात.

तिसऱ्या वर्षाचा आग्रह मला अधिक चिंताजनक वाटतो. साधारणपणे तिसऱ्या वर्षी मूल बघून वर्तुळ काढते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण. ज्या हाताला तिरकी रेघ अजून जमत नाही, त्याच्याकडून ‘अ’ची पानभर अपेक्षा धरणे हा त्या मुलावर अन्याय आहे. त्या वयात मणी ओवणे, शेंगा सोलणे, कणकेचे गोळे वळणे हीच बोटांची खरी तयारी होय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत खडे, पाने, शिंपले यांनाच शिक्षणाची साधने केले होते.

गिरवण्याला माझा विरोध नाही. शेजारी कोणी नसताना पानभर गिरवून घेण्याला आहे. ठिपके जोडणारे मूल अक्षराचा दंड, म्हणजे उभी रेघ, खालून वर ओढते, कधी शिरोरेघ आधी मारते. पान नीटनेटके दिसते आणि चुकीची सवय मात्र हातात मुरते. आधी वाळूत बोटाने, मग कोणाच्या तरी देखरेखीखाली पाच वेळा लिहिलेले अक्षर त्या पानापेक्षा मोलाचे आहे. वाचनाचे म्हणाल, तर ‘क कमळाचा’ शंभरदा गिरवलेले मूलही ‘कप’ या शब्दापाशी अडू शकते, कारण आकृतीला ध्वनी जोडून देण्याचे काम कोणी केलेलेच नसते.

मागच्या पिढ्यांचा दाखलाही टिकत नाही. गावोगावी बालवाड्या नव्हत्या, त्यामुळे त्यांतील बहुतेकांनी पाटी धरली ती सहाव्या वर्षाच्या आसपास, थेट पहिलीत.

लिहिण्याची पहिली ओढ बहुधा स्वतःच्या नावाची असते. ज्ञानदा नावाच्या मुलीने आपल्या नावाचे पहिले अक्षर लिहिण्यासाठी वर्णमाला संपेपर्यंत का थांबावे?