सिस्टर लोकांना कोंडून ठेवतात म्हणे!

गेल्या आठवड्यापासून आमच्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला, तुमच्याकडेही आलाच असेल. थोडक्यात असा: मिशनवाले गरिबांच्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी पैसे देऊन नेतात अन् सिस्टर, म्हणजे नन, बनवतात, एकदा आत गेली की बाहेर यायचा रस्ता बंद, मायबापाचं तोंड पाहू देत नाहीत, एकेकीच्या नावावर फॉरेनहून लाखो रुपये येतात, टॅक्स एक रुपया नाही, आणि दवाखाना-शाळा म्हणजे सगळा धर्म बदलायचा धंदा. खाली नेहमीसारखं, दहा जणांना पाठवा.

मी ख्रिश्चन नाही. आमच्या घरी गजानन महाराजांचा फोटो आहे, वडील होते तोवर दरवर्षी शेगावची पायी वारी व्हायची. पण माझी आई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात सिस्टर लोकांचा स्वयंपाक करायची, एक नाही दोन नाही, 19 वर्षं. शाळा सुटली की मी तिथल्याच मागच्या ओट्यावर बसून अभ्यास करायचो, भूक लागली की त्यांच्यातलीच पोळी खायचो. म्हणून हे लिहितोय, नाहीतर फॉरवर्डला उत्तर देत बसायची मला हौस नाही.

आधी वयाचं घेऊ. कॅथलिक चर्चचा 1983 चा लेखी कायदा आहे. सिस्टर होण्याआधी नोव्हिशिएट नावाचा शिकाऊ काळ असतो, त्यात 17 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय घेता येत नाही. कोणी जबरदस्तीनं, धाक दाखवून किंवा फसवून आणली असेल तर तो प्रवेशच बाद, असं त्याच कायद्यात आहे. आता खरं बोलायचं तर दहावी झालेल्या पोरी त्याच्याही आधी कँडिडेट म्हणून होस्टेलला येऊन राहतात, हे मी पाहिलेलं आहे. आणि घरच्या गरिबीचा त्यात काहीच वाटा नसतो असंही मी छातीठोक म्हणणार नाही. पण ती कँडिडेट म्हणजे सिस्टर नव्हे, तिची बॅग केव्हाही भरता येते अन् त्यांतल्या बऱ्याच जणी भरतातही.

आता 'रस्ता बंद'चं. नोव्हिशिएट कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त साधारण दोन. मग पहिली व्रतं, गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, तीही कायमची नाहीत, मुदतीची, साधारण तीन ते सहा वर्षं. मुदत संपली आणि पोरगी म्हणाली की मला नाही राहायचं, तर तिला अडवता येत नाही. कायमची व्रतं 21 वर्षांच्या आत घेताच येत नाहीत. आपल्याकडे पाहुणे येतात, पोहे होतात, महिनाभरात हळद लागते, तिथं पोरीला विचार करायला किती दिवस भेटतात ते मोजा एकदा. बरं, कायमच्या व्रतांनंतरही अर्ज करून सुटता येतं, कोणाचा अर्ज बिशपकडे जातो, कोणाचा थेट रोमला.

झारखंडची एक ज्युनिअर सिस्टर, म्हणजे मुदतीच्या व्रतांतली, अशीच सोडून निघाली होती. मी आठवीत असेन. सकाळी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये पाहिली तर आधी ओळखूच आली नाही, केस एवढे लांब आहेत हे तेव्हाच कळलं. मोठ्या सिस्टरनं तिकिटाचे पैसे दिले, आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, अन् आम्ही तिघं फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे. कोणी रडलं नाही, फक्त गाडी पाऊण तास लेट होती म्हणून बोलायचं काय तेच सुचेना. पुढं तिचं लग्न झालं, फोटो पाठवला होता.

कोंडून ठेवण्याबद्दल आईला विचारलं तर हसायलाच लागली. म्हणे, "कुलूप तं होतंच बाप्पा, पण चाबी माह्या कमरेले राहे." पहाटे गेट उघडायला तीच पहिली जायची ना. यात एक घोळ मात्र खरा आहे. कार्मेल वगैरे संघांच्या, म्हणजे सिस्टर लोकांच्या संस्थांच्या, काही मठांत आतच राहून प्रार्थना करायचा नियम असतो, ते त्या स्वतः निवडतात. दवाखान्यातली, शाळेतली सिस्टर त्यातली नाही, ती दिवसभर लोकांतच असते. आपण दोघींना नन म्हणून मोकळे होतो. आणि मायबापाचं म्हणाल तर घरी जायला सुट्टी ठरलेली असायची, वर्षातून एकदा. ती कमी आहे, मान्य. एका केरळच्या सिस्टरचे वडील वारले तेव्हा तार मिळून, नागपूरला जाऊन, केरला एक्सप्रेस पकडून घरी पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. तो लांब बदलीचा त्रास आहे, कैद नाही. आता तर मोबाइल आहेत, रोज रात्री व्हिडिओ कॉल.

बाई संसार सोडून धर्माच्या वाटेला लागली की ते काही विलायती खूळ, असं वाटणाऱ्यांनी एकदा रिद्धपूरला जाऊन यावं. आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. महानुभाव पंथात तेराव्या शतकापासून बाया संन्यास घेऊन राहिल्या, महदंबा त्यांतलीच.

लाखो रुपयांचं वाचून तर मला ती चप्पलच आठवली. दवाखाना पाहणारी सिस्टर शिकलेली नर्स, बाहेर असती तर चांगला पगार घेतला असता. तिच्या चप्पलचा अंगठा तुटला तर तिनं तो सुतळीनं बांधून महिना काढला, कारण त्या महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी गेली होती. नवीन चप्पल पाहिजे तर मोठ्या सिस्टरला सांगायचं, ती वहीत लिहिणार, मग पैसे. पगार जो येतो तो सगळा संघात जमा होतो, व्रतच तसं आहे. आणि टॅक्स? अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर लोकांच्या पगारातून टीडीएस कापायचाच, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलं. म्हणजे हातात पगार नाही पण कपात आहे. फॉरेनचा पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येतो, 2020 च्या दुरुस्तीनंतर तो आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरतो, ऑफिस खर्चाला 20 टक्क्यांच्या वर वापरता येत नाही, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. एकेकीच्या नावावर म्हणे!

धर्म बदलायचं एका ओळीत संपवतो: 19 वर्षं स्वयंपाक करून आईच्या गळ्यातली पोत तीच आहे, आणि तिचा चतुर्थीचा उपास असला की सिस्टरच साबुदाणा आणून ठेवायच्या.

धंदाच करायचा असता तर सिस्टर राणी मारियाला मरायची गरज नव्हती. केरळची बाई, शेजारच्या मध्यप्रदेशात इंदूरकडच्या खेड्यांत शेतमजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवायचं काम करत होती. 25 फेब्रुवारी 1995 ला तिला बसमध्ये भोसकून मारलं. तिची लहान बहीण पण सिस्टर, तिनं जेलात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. सावकार काय चीज असते हे विदर्भातल्या माणसाला मी काऊन सांगू.

आता जे खरंच विचारायला पाहिजे ते त्या मेसेजात नाहीच. फादर-बिशप लोकांकडून सिस्टरांवर अत्याचार होतात हे खुद्द पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये कबूल केलं. त्याच्या आदल्या वर्षी कोचीत सिस्टर रस्त्यावर येऊन बसल्या होत्या, एका बिशपवर आरोप होता, कोर्टानं 2022 मध्ये त्याला सोडलं. आणि दुसरं पैशाचं. सोडून जाणाऱ्या सिस्टरला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, संघानं तिच्याशी न्यायानं आणि माणुसकीनं वागावं एवढंच चर्चच्या कायद्यात आहे.

ती सुतळीवाली चप्पल घालणारी सिस्टर चाळिशी उलटल्यावर संघ सोडून गेली. काऊन ते आईनं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. हातात काय होतं, तर एक सुटकेस, नर्सिंगचं सर्टिफिकेट अन् थोडे दिवस निघतील एवढे पैसे. आता नागपूरला एका खाजगी हॉस्पिटलात नाइट ड्युटी करते. दिवाळीला आईला फोन येतो. आई अजूनही तिला सिस्टरच म्हणते, अन् तसं तर सगळा वॉर्डच म्हणतो.