उंच वाढलं म्हणजे पिकलं नव्हे

"जिब्रेलिक अॅसिडची एक फवारणी, गहू-भात दुप्पट. झाडाचंच संप्रेरक, त्यामुळे जास्त झालं तरी अपाय नाही. कधीही मारा. खत निम्म्यावर आणा." हा मेसेज फिरत फिरत मामांकडे पोचला आणि त्यांनी तो "मारू का?" असं विचारत मला पाठवला. मारू नका, मामा.

आधी मेसेजसोबत आलेला फोटो नीट बघा. डावीकडे भाताचं बुटकं रोप, उजवीकडे उंच, शिडशिडीत, पिवळट. लोंबी दोन्हीकडे नाही. दुप्पट झाली ती उंची! भाताच्या एका बुरशीजन्य रोगात रोपं अशीच सुसाट वाढतात, फिकी पडतात आणि बरीचशी दाणा न धरताच मरतात. ही वाढ बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होते, हे १९२६ साली जपानमध्ये कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवलं. ते द्रव्य म्हणजेच जिब्रेलिन; मेसेजमधलं जिब्रेलिक अॅसिड हा त्याचाच एक प्रकार. रोगाचं लक्षण इथे यश म्हणून मिरवलंय.

धान्याचं उत्पादन वाढलं ते नेमक्या उलट्या वाटेने. हरितक्रांतीचे गहू-भात बुटके होते, म्हणून भरपूर नत्र देऊनही लोळले नाहीत आणि काडीत जाणारं अन्न दाण्यात गेलं. गहू बुटका का, याचं उत्तर १९९९ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं: जपानच्या नोरिन-१० वाणाकडून आलेली जनुकं जिब्रेलिनला फारशी दादच देत नाहीत. १९६६ च्या आयआर-८ या बुटक्या भातवाणात तर जिब्रेलिन मुळातच कमी तयार होतं. आता हिशोब करा. अशा गव्हावर मारलंत तर पैसे पाण्यात. अशा भातावर मारलंत तर तो उंच होईल आणि ऐन दाणे भरताना वाऱ्या-पावसात आडवा होईल.

बरं, एवढं मान्य: संकरित भाताच्या बीजोत्पादनात जिब्रेलिक अॅसिड खरंच वापरतात. मादी वाणाची लोंबी पानाच्या आवरणात अर्धवट अडकते, ती बाहेर येऊन परागकण पोचावेत म्हणून. गव्हात क्लोरमेक्वाट क्लोराइडही कामाचं आहे, पण ते जिब्रेलिन तयार होणंच रोखतं आणि काडी आखूड ठेवतं. नत्र भरपूर आणि लोळण्याची भीती खरी असेल, तिथे ते नुकसान वाचवतं. पीक लोळणारच नसेल तर वाचवणार काय?

"संप्रेरक आहे, अपाय नाही" म्हणणाऱ्याने टू-फोर-डी हे तणनाशक आठवावं. ते ऑक्सिन या संप्रेरकाची नक्कल करतं आणि रुंद पानांचं तण पिळवटून मारतं. गव्हावर अवेळी पडलं तर ओंब्या वेड्यावाकड्या येतात. "कधीही मारा"चा निकालही त्यातच लागला.

खताचं तर बोलायलाच नको. संप्रेरक रोपाला फक्त हुकूम देतं. नत्र, स्फुरद, पालाश देत नाही. माती तपासून जेवढं सुचवलंय तेवढं खत द्या, मामा, आणि तो मेसेज ज्यांना पुढे पाठवला असेल त्यांनाही हे कळवा.