महिला हॉकी लीग टिकवायची असेल, तर तिला घरचे मैदान द्या

सात वर्षांच्या खंडानंतर २०२४ च्या डिसेंबरात हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, आणि एकाच हंगामानंतर यूपी रुद्राज या पुरुष संघाच्या मालकांनी आर्थिक गणित जमत नसल्याचे सांगून माघार घेतली. तेव्हापासून मला या स्पर्धेतल्या महिलांच्या लीगची सर्वाधिक काळजी वाटते. ग्वाल्हेरच्या माणसाला ती वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या शहरातल्या कंपू भागातील मैदानावर २००६ पासून मध्य प्रदेश शासनाची महिला हॉकी अकादमी चालते. मणिपूरच्या सुशीला चानू इथे घडल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे नेतृत्व केले. आपला महिला संघ तेव्हा ३६ वर्षांनी ऑलिंपिक खेळत होता.

हॉकीतली लीग बंद पडणे आपल्याला नवे नाही. २००५ ची प्रीमियर हॉकी लीग २००८ मध्ये आटोपली. २०१२ च्या वर्ल्ड सीरीज हॉकीत आपल्या राज्याचा भोपाळ बादशाह हा संघ होता, पण ती एकाच हंगामात संपली आणि मागे थकलेल्या मानधनाच्या तक्रारी राहिल्या. २०१३ मध्ये सुरू झालेली हॉकी इंडिया लीगसुद्धा २०१७ नंतर थांबली होती.

महिलांची पहिली लीग २०२५ च्या जानेवारीत झाली. संघ चार होते, आणि दिल्ली, बंगाल, ओडिशा व पंजाब-हरियाणा यांच्या नावाने खेळणाऱ्या या चारही संघांचे सर्व सामने रांचीत झाले. रांचीकरांचे हॉकीप्रेम निर्विवाद आहे, आणि एकाच ठिकाणी खेळवल्याने प्रवासाचा, निवासाचा व प्रक्षेपणाचा खर्च वाचतो हेही मला मान्य आहे. परंतु दिल्लीचा संघ दिल्लीत एकही सामना खेळत नसेल, तर तिथल्या व्यापाऱ्याने त्याला जाहिरात का द्यावी आणि तिथल्या मुलीने त्याची जर्सी का विकत घ्यावी? त्यात प्रवेशही विनामूल्य होता, म्हणजे तिकिटांचे उत्पन्न नाही. खेळाडूंच्या लिलावासाठी महिला संघाला दोन कोटी रुपयांची मर्यादा होती, पुरुष संघाच्या निम्मी. तरीही हा सगळा भार मालकाच्या आणि प्रायोजकाच्या खिशावरच राहतो, आणि त्यांचा उत्साह ओसरला की संघच उरत नाही.

याउलट कोलकात्याची बेटन कप ही हॉकी स्पर्धा १८९५ पासूनची आहे, आणि आपल्या ग्वाल्हेरचा सिंधिया गोल्ड कपही गावाने आपला मानला म्हणून नावारूपाला आला. ग्वाल्हेरने हॉकीकडे पाठही फिरवली आहे, हे खेदाने नमूद करतो: ध्यानचंदांचे भाऊ व हॉकीपटू कॅप्टन रूपसिंह यांच्या नावाचे स्टेडियम मूळचे हॉकीचे, आज ते क्रिकेटचे म्हणून ओळखले जाते. म्हणूनच कंपूचे मैदान मला मोलाचे वाटते.

टोकियोत चौथ्या आलेल्या आपल्या मुली पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ ने हरून पॅरिस ऑलिंपिकला मुकल्या, आणि २०२५ मध्ये प्रो लीग या अव्वल देशांच्या स्पर्धेतूनही खाली उतरल्या. अशा वेळी देशातल्या देशात परदेशी खेळाडूंसोबत खेळण्याची ही संधी बंद पडली, तर अकादमीतल्या मुलींना रेल्वेच्या नोकरीपलीकडे काय दिसणार?

हॉकी इंडिया या राष्ट्रीय महासंघाने पुढील हंगामात प्रत्येक महिला संघाला निदान दोन सामने स्वतःच्या प्रदेशात द्यावेत, मध्य प्रदेशाचा एक संघ उभा करून त्याचे घर ग्वाल्हेरला ठेवावे, आणि वीस-तीस रुपये का होईना, तिकीट लावावे. राज्य शासनाने त्यासाठी कंपूच्या मैदानावर प्रेक्षकांची सोय आणि प्रक्षेपणायोग्य प्रकाशव्यवस्था यांची जबाबदारी घ्यावी.